कऱ्हाकाठचं काळवंडलेलं सोनं

दिवाळीच्या तोंडावर बारामतीच्या किंवा इंदापूरच्या सराफी पेढीवर एक प्रश्न हमखास खालच्या आवाजात विचारला जातो. कपाटातून आजोबांचं सोन्याचं घड्याळ काढून रुमालात गुंडाळून आणलेलं असतं. काचेभोवतीच्या कड्यावर तपकिरी छटा चढलेली असते आणि पट्टा अडकवायच्या कोपऱ्यांत काळपट थर बसलेला असतो. सोनं तर काळं पडत नाही, मग आजोबांना कुणी फसवलं होतं की काय? घरातल्या इतरांसमोर हा संशय बोलायचा नसतो, म्हणून तो सराफाच्या कानाशी बोलला जातो.

फसवणूक झालेली असेलच असं मुळीच नाही. तो काळेपणा बहुतेक वेळा घड्याळात काय आहे हेच सांगत असतो आणि तो नीट वाचता आला, तर आजोबांनी पैसे कशासाठी मोजले तेही समजतं. दुर्दैवानं वाचण्याआधीच तो पुसून टाकण्याची घाई केली जाते. या घाईत जुन्या घड्याळांचं जितकं नुकसान होतं, तितकं पन्नास वर्षांच्या काळेपणानंही होत नाही.

शुद्ध सोन्यावर हवेचा, पाण्याचा किंवा घामाचा परिणाम होत नाही, हे खरंच आहे. पण शुद्ध सोनं फार मऊ असतं, त्यामुळे ते घड्याळाला सोयीचं नसतं. घड्याळाचं वरचं कवच, ज्याला दुरुस्तीवाले ‘केस’ म्हणतात, ते आपटणार, घासणार, झाकण शेकडो वेळा उघडमीट होणार. म्हणून सोन्यात तांबं आणि चांदी मिसळतात. बावीस कॅरटमध्ये सोनं ९१.६ टक्के, अठरा कॅरटमध्ये ७५, चौदामध्ये ५८.५ आणि नऊ कॅरटमध्ये अवघं ३७.५ टक्के. उरलेल्या भागातलं तांबं आणि चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी जुळतात आणि पृष्ठभागावर सल्फाइडचा अतिशय पातळ थर धरतो. तो वाढत जातो तसा रंग बदलतो. आधी फिकट पिवळा, मग तांबूस, पुढे जांभळट-निळसर आणि शेवटी काळा. काळवंडतं ते सोन्याच्या सोबतचं, सोनं नव्हे.

जगातल्या मोठ्या संग्रहालयांनाही या प्रश्नानं छळलं आहे. प्राचीन इजिप्तच्या काही सुवर्णवस्तूंवर तांबडा-जांभळा थर दिसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमशी संबंधित जेम्स फ्रान्झ आणि डेबोरा शॉर्श यांनी १९९० मध्ये त्याची तपासणी प्रसिद्ध केली. चांदी जास्त असलेल्या सोन्यावर गंधकाची प्रक्रिया होऊन सोनं, चांदी आणि गंधक यांचं संयुग तयार झालं होतं. आधुनिक टांकसाळींतल्या जवळपास शुद्ध सोन्याच्या नाण्यांवरही कधी कधी लाल ठिपके उमटतात. नाणं पाडताना चिकटून राहिलेले चांदीचे सूक्ष्म कण गंधक धरतात, हे त्याचं कारण. फॅरोच्या सोन्याला जे चुकलं नाही ते भवानीनगरच्या किंवा सोमेश्वरनगरच्या कपाटातल्या घड्याळाला कसं चुकावं?

या भागात सोनेरी घड्याळ आलं ते उसाच्या पैशावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा वाहू लागला आणि कोरडवाहू बारामती-इंदापूरचं अर्थकारण पालटलं. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं केलं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती हे सहकारी कारखाने आले. उसाचं बिल हातात आलं की आधी कर्ज, मग लग्न आणि लग्नात जावयाला घड्याळ-अंगठी. सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही त्या काळातली नवरदेवाची मागणी आजही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येते.

मुंबईत स्विस घड्याळांची बाजारपेठ त्याआधीच रुजली होती. फाव्र-ल्युबा या स्विस घराण्याचे लोक १८६५ पासून मुंबईत व्यापार करत होते, आणि वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८० च्या दशकात मुंबईतच सुरू झाली. त्यांची घड्याळं फौजेतल्या शिपायांपासून वकील-सावकारांपर्यंत पोहोचली. ज्याच्या खिशात पैसा होता त्यानं सोन्याची केस घेतली. बाकीच्यांनी चांदीची, निकेलची किंवा मुलाम्याची.

मग आलं १९६३. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी त्या वर्षीच्या ९ जानेवारीला सुवर्ण नियंत्रणाचे नियम जाहीर केले. चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. पिढ्यानपिढ्या बावीस कॅरटवर हात बसलेल्या सोनारांचं काम एका रात्रीत बसलं. गिऱ्हाईक चौदा कॅरटला सोनं मानायलाच तयार नव्हतं. त्याचा रंग लालसर, झळाळी कमी आणि मुख्य म्हणजे ते अंगावर काळं पडायचं. देशभर सोनारांची आंदोलनं झाली, अनेकांनी व्यवसाय सोडला. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये मागे घेण्यात आली, पण १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याची पकड १९९० पर्यंत राहिली.

जुन्या घड्याळाकडे पाहताना चौदा कॅरटच्या सक्तीच्या या तीन-चार वर्षांचा विसर पडून चालत नाही. केस स्विस, अठरा कॅरटची आणि अजून पिवळीजर्द. पण तिला जोडलेली, स्थानिक सोनारानं घडवलेली साखळी किंवा मनगटी पट्टा मात्र काळवंडलेला, अशी जोडी समोर आली, तर तो पट्टा १९६३ ते १९६६ मधला असण्याची शक्यता तपासायलाच हवी. त्यात ४१.५ टक्के इतर धातू आहे तो सरकारी नियमामुळे. त्यासाठी सोनाराला लबाड ठरवणं हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होईल. ज्या सोनाराचं पोट या नियमानं मारलं, त्याच नियमाचा डाग त्याच्या नावावर लागू नये.

आता घड्याळ कशाचं आहे ते ओळखायचं कसं? मागचं झाकण घड्याळजीकडून उघडून घ्यावं आणि आतल्या बाजूचे शिक्के भिंगानं पाहावेत. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या दशकापासून १९९५ पर्यंत अठरा कॅरटच्या केसवर हेल्व्हेशिया या स्त्रीरूपी राष्ट्रप्रतीकाच्या डोक्याचा शिक्का मारत आणि चौदा कॅरटवर खारीचा. जेमतेम मिलिमीटरभर उंचीची खार, शेपूट वर केलेली. झिजलेली असली तरी भिंगाखाली तिचा वळसा ओळखू येतो. ब्रिटिश नऊ कॅरटच्या केसवर ३७५ हा आकडा दिसतो. असा शिक्का असेल तर केस भरीव सोन्याची आहे आणि तिच्यावरचा काळा थर वरवरचा आहे.

‘२० वर्षांची हमी’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आत कोरलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. पितळेसारख्या धातूच्या पत्र्यावर दोन्हीकडून सोन्याचे पत्रे दाबून बसवायचे आणि त्या थरांच्या पत्र्याची केस करायची, ही पद्धत फिलाडेल्फियाच्या जेम्स बॉस यांनी १८५९ मध्ये पेटंट केली. बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीनं अशा केस मोठ्या प्रमाणावर बनवल्या. सोन्याचा थर किती वर्षं टिकेल ते आत कोरत. अमेरिकेत वर्षांची ही हमी छापण्यावर १९२४ मध्ये बंदी आली. पुढे युरोपातल्या मुलाम्याच्या केसवर मायक्रॉनचे आकडे येऊ लागले. १०, २०, कधी ४०. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर.

तिसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त सापडतो. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं एचएमटीनं १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. लग्नात देण्यासाठी ज्याला मोठी मागणी असायची ते ‘कांचन’ स्वयंचलित होतं आणि मिळवायला वशिला लागायचा. त्याची सोनेरी झळाळी मुलाम्याची. आजोबांचं ‘सोन्याचं घड्याळ’ म्हणून घरात ज्याचा उल्लेख होतो ते बरेचदा असं सोनेरी घड्याळ असतं. घरातल्या बोलण्यात ‘सोनेरी’चं ‘सोन्याचं’ होऊन जातं, यात फसवणूक कुणाचीच नसते.

सराफाच्या कॅरट मोजणाऱ्या यंत्रावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. क्ष-किरणांचं हे यंत्र पृष्ठभागाखालचे थोडेच मायक्रॉन पाहू शकतं. जाड मुलाम्याची केस त्याला भरीव सोन्याची वाटू शकते. कसोटीच्या दगडावर घासून पाहणंही नको, कारण पातळ मुलाम्यावर तो ओरखडा कायमचा राहतो. आणि हॉलमार्कवरून उलगडा होईल ही आशाही धरू नये. भारतात जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला, पण त्या सक्तीतून घड्याळं, फाउंटन पेन आणि कुंदन-पोलकी-जडावाचे दागिने वगळले आहेत. जुन्या घड्याळाचा खरेपणा त्याच्या स्वतःच्या शिक्क्यांवरूनच काढावा लागतो.

कऱ्हा-नीरेच्या खोऱ्यात घड्याळ काळं पडायला गंधक शोधायला दूर जावं लागत नाही. देशातले बहुतेक कारखाने पांढरी साखर करताना उसाच्या रसाला गंधकाचा धूर देतात; त्यासाठी गंधक जाळलं जातं. मळीपासून अल्कोहोल केल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. चांदी आणि तांब्याला काळं करण्यात या वायूचा हात कुणी धरू शकत नाही. इंदापूरच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत भुरीवर गंधक फवारतात किंवा धुरळतात, आणि बागायतदार मनगटावरचं घड्याळ काढून फवारणी करतोच असं नाही. त्यात उन्हाळ्याचा घाम. घामातलं मीठ तांब्यावर वेगळा हल्ला करतं.

घरातही गंधक आहेच. सगळ्यांत दुर्लक्षित शत्रू म्हणजे रबर. पट्टा सुटा होऊ नये म्हणून घड्याळाला गुंडाळलेलं साधं रबरबँड गंधकानं पक्कं केलेलं असतं. वर्षानुवर्षं ते एकाच जागी चिकटून राहिलं, की केसवर बरोबर त्याच्या रुंदीची काळी रेघ उमटते. लोकरीत गुंडाळणंही तितकंच घातक, कारण लोकरीतही गंधक असतं.

प्रत्येक काळा डाग मात्र सल्फाइडचा नसतो. कडेला, कोपऱ्यांवर, चावी देण्याच्या फिरकीभोवती हिरवट किंवा तपकिरी चट्टा असेल, तर मुलामा झिजून आतलं पितळ उघडं पडलेलं असतं. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवल्यावर जो कळंक चढतो, त्याच जातीचा हा प्रकार. इथे साफ करायला सोनं उरलेलंच नाही. जितकं घासावं तितकं पितळ जास्त दिसतं, आणि घासणाऱ्याला वाटतं की डाग हट्टी आहे.

पितळेचा आणखी एक धोका हिंदुस्थानातल्याच पावसाळ्यात जगाला कळला. ब्रिटिश फौजेच्या काडतुसांची पितळी नळकांडी पावसाळ्यात साठवून ठेवली, की कुणी हात न लावताही उभी चिरत. काडतुसं बऱ्याचदा घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुताच्या विघटनातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा मिळून, ताण राहिलेल्या पितळेला भेगा पाडत होती. मुलाम्याच्या केसमध्ये आत पितळच असतं, आणि पत्रा दाबून आकार दिल्यामुळे त्यात ताण असतोच. म्हणून बाजारात मिळणारं, अमोनिया असलेलं दागिने धुण्याचं द्रावण अशा केसला लावू नये. गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत जुनं घड्याळ ठेवायचं असेल, तर तिथेही हाच विचार करावा. कमी कॅरटच्या भरीव सोन्यालाही क्लोरीन आणि मिठाच्या संगतीत अशा भेगा पडू शकतात, त्यामुळे ब्लीचचा वापर सर्वथा वर्ज्य.

योग्य साफसफाई घड्याळजीच्या टेबलावर सुरू होते. तो डोळ्याला भिंग लावतो, पट्टा सोडवतो, झाकण काढतो, चावीचा दांडा सैल करून मशीन आणि डायल एकत्र बाहेर घेतो आणि काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवतो. आता हातात फक्त रिकामी केस आहे. जुनी केस पाणी अडवत नाही. मशीन आत असताना तिला ओला बोळा लावला तरी ओल फटीतून आत शिरते, आणि महिन्याभरात लोखंडी भाग गंजतात. घरी होणाऱ्या साफसफाईतली सगळ्यांत महागडी चूक हीच आहे.

रिकामी केस कोमट पाण्यात, रिठ्याच्या फेसात भिजवावी. सोनार पिढ्यानपिढ्या रिठाच वापरत आले आहेत. त्याचा फेस तेल-मळ सोडवतो आणि धातूला ओरबाडत नाही. रिठा नसेल तर सौम्य साबण चालतो. मऊ कुंचल्यानं कोपऱ्यांतला मळ हलकेच उचकटला, की काळेपणातला बराचसा भाग कातडीचा तेलकट मळ आणि धूळ होता हे कळतं. नंतर शुद्ध केलेल्या पाण्यात दोनदा खळबळून, मऊ सुती कापडानं टिपून, पूर्ण वाळू द्यावी. भरीव सोन्यावर त्यानंतरही सल्फाइडची छटा उरली, तर चांदी-सोनं पुसण्याचं खास कापड हलक्या हातानं दोन-चारदा फिरवावं. मुलाम्यावर तेही नको.

घरगुती उपाय टाळावेत. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते. चिंच-लिंबाचं आम्ल पितळ उघडं असेल तिथे आणखी खोल जातं. डायलला तर कशानंच हात लावू नये. अंधारात चमकणारे आकडे असलेल्या जुन्या डायलवर रेडियमचा रंग असू शकतो आणि तो खरवडणं शरीरालाही धोक्याचं आहे.

पॉलिशबद्दल मात्र ठामपणे बोलायला हवं. यंत्रावरच्या पॉलिशनं घड्याळ नव्यासारखं दिसतं ते सोन्याचा वरचा थर काढून टाकल्यामुळेच. त्याचा पुरावा सराफ बाजारात शतकानुशतकं फिरतो आहे. सोनारांच्या दुकानातली माती-केर विकत घेऊन, धुऊन त्यातलं सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांचं पोटच मुळी घासताना सांडलेल्या सोन्यावर चालत आलं आहे. काही कारखान्यांत वापरलं जाणारं सायनाइडचं द्रावणही सोनं विरघळवूनच चमक आणतं, आणि ते जीवघेणं आहे हे निराळं सांगायला नको. पॉलिशनं कडांची धार जाते, कोरीव अक्षरं बुजतात, शिक्क्यातली खार ओळखू येईनाशी होते. दारावर येऊन ‘दागिने चमकवून देतो’ म्हणणाऱ्यांच्या हाती तर घड्याळ चुकूनही देऊ नये. सोनं विरघळवणाऱ्या अम्लराजात दागिना बुडवून वजन कमी करण्याची ही फसवणूक महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालू आहे, आणि पोलीस वेळोवेळी तिच्याबद्दल सावध करतात.

मग झिजलेल्या केसला सोन्याचं पाणी द्यावं का? हिशेब करून पाहू. मनगटी घड्याळाच्या केसचा सोनेरी भाग साधारण दहा चौरस सेंटिमीटर धरला, तर २० मायक्रॉनच्या मूळ मुलाम्यात सुमारे ०.३ ग्रॅम सोन्याचं मिश्रण असतं. आज दुकानात दिलं जाणारं पातळ पाणी ०.२ मायक्रॉनचं असेल, तर त्यात जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम सोनं येतं. मूळच्या शंभराव्या हिश्शाचा हा थर रोज मनगटावर घातला तर फार टिकत नाही. त्यातच पाणी देण्याआधी पृष्ठभाग घासून सपाट करतात, म्हणजे उरलेला मूळ मुलामाही जातो. शिक्का असलेल्या भरीव केसला पाणी देणं निव्वळ नासाडी आहे. हमीची वर्षं कोरलेल्या जाड मुलाम्याच्या केसला ते शक्यतो देऊ नये, झिजलेले कोपरे झिजलेलेच राहू द्यावेत. एचएमटीसारख्या घड्याळाची केस बहुतांश उघडी पडली असेल आणि नातवाला ते रोज वापरायचं असेल, तर पाणी खुशाल द्यावं. मात्र आधी किती मायक्रॉनचा थर देणार ते विचारून, आणि तो आकडा पावतीवर लिहून घेऊन.

काम झालं की घड्याळ कोरड्या सुती कापडात, झिपच्या प्लास्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावं. सोबत एक चिठ्ठी असू द्यावी. घड्याळ कुणाचं, कोणत्या लग्नात किंवा प्रसंगी आलं, झाकणाच्या आत कोणते शिक्के आहेत, पट्टा किंवा साखळी कुठे घडवली, पाणी दिलं असल्यास कोणत्या साली आणि किती मायक्रॉनचं, हे तीत लिहावं. नव्या पाण्याचा थर शुद्ध सोन्याच्या जवळचा असतो. यंत्राच्या आकड्यात तो खालच्या मुलाम्याबरोबर मिसळतो, आणि पुढच्या पिढीत कुणी हे घड्याळ कॅरटच्या यंत्राखाली धरलं तर चढा आकडा पाहून भरीव सोन्याचा दर मागेल किंवा देईल. चिठ्ठी असली, की सराफाला तो आकडा कशाचा आहे ते तिथल्या तिथे कळेल.